गाडीतून उतरू नये

जानेवारीत एका संध्याकाळी धनसिंगानं आईला विचारलं, मे महिन्यात पार्कात जायचं का, तिकीट काढून, पर्यटकांसारखं. हिरोंदीबाई तेव्हा कोदो पाखडत बसली होती. सूप न थांबवता ती "जाऊ" म्हणाली. तिनं मान वर करून आणखी काही विचारलं नाही, आणि आई विचारील म्हणून तो दारात उभा राहिला. शेवटी सून फगनी हसली. म्हणाली, वाघाच्या नावानं ज्यांना गावातून उठवलं, तेच आता वाघ बघायला निघाले, म्हणजे सरकारचं सगळं काम बिनबोभाट झालं.

हिरोंदीबाईला हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. नवरा गेला त्या दिवशी बाया गळ्यात पडून रडल्या, तिनं त्यांना पाणी दिलं. तेव्हापासून तिला ऊन नुसतं दिसे, लागत नसे, भाजीत मीठ जास्त पडलं तर ते दुसरं कुणी म्हटल्यावर कळे. काम मात्र एकही चुकत नव्हतं. पहाटे उठून ती आधी अंगण सारवी, मग आंघोळ करून कोठीच्या खोलीत जाई. तिथं कोपऱ्यात झाकणाच्या गाडग्यात एक गोटा होता. त्याच्यापुढं चिमूटभर तांदूळ आणि ओंजळभर पाणी ठेवल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे. ताप असला तरी नाही.

तो गोटा म्हणजे तिचा नवरा. दहाव्याला सगळे नदीवर गेले, भाचा रतीराम पाण्यात शिरला, आणि डोळे मिटून तळाशी हात फिरवताना जो दगड त्याच्या हाताला पहिल्यांदा लागला तो मामा, असं ठरलं. रीतच तशी आहे. एका बाजूनं गोल, एका बाजूनं चपटा असा तो निघाला, तेव्हा कुणीतरी म्हणालंही, की जिवंतपणी डोकं जसं होतं अगदी तसंच आहे. पुढं तो गोटा गावच्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली नेऊन घराण्यातल्या बाकीच्या गोट्यांत मिसळायचा असतो. तोवर माणूस ना घरात, ना पितरांत. आणि त्यांच्या मरावी घराण्याचा साजा होता झुरकीटोल्यात, आणि झुरकीटोला एकवीस वर्षांपूर्वी उठलं होतं. आता ते पार्काच्या पोटात होतं. उठून आलेल्या वस्तीतल्या दोघातिघांनी नवा साजा धरला, वनखात्याच्या कुंपणाबाहेरचा, आणि आपली माणसं तिथं ठेवली. हिरोंदीबाई कबूल झाली नाही. तिच्या सासऱ्याचा, आजेसासऱ्याचा गोटा जिथं आहे, तिथंच.

धनसिंगानं दुसरा मार्गही सुचवून पाहिला होता. पार्काच्या फाटकाजवळच्या एका रिसॉर्टात तो पुऱ्या तळायच्या कामाला होता, तिथं गाइड लोक रोज येत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती द्यावा, तो ठेवील, असं त्याला वाटलं. तेव्हा ती म्हणाली होती, "माणूस काय चिठ्ठी आहे, कुणाच्याही हाती धाडायला? मी डोळ्यांनी बघेन तेव्हाच."

म्हणून तिकीट. मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर बुकिंग चार महिने आधी उघडतं, हे धनसिंगाला ठाऊक होतं. जुन्या गावच्या तळ्याचा रस्ता कुठल्या फेरीत येतो, तेही त्यानं विचारून ठेवलं. मे महिना त्यानं मुद्दाम धरला. उन्हाळ्यात गवत बसतं, साजाची पानं झडतात, झाड लांबून ओळखू येतं. रिसॉर्टातले साहेब लोक मेच धरतात ते वेगळ्या कारणानं. बाकीचं पाणी आटलं की झुरकीच्या तळ्यावर वाघ येतोच येतो. ते तळं हिरोंदीबाईच्या सासऱ्यानं आणि गावकऱ्यांनी दुष्काळाच्या साली खणलं होतं.

प्रत्येकाचं ओळखपत्र लागलं. त्यावर हिरोंदीबाईची जन्मतारीख एक जानेवारी होती. धनसिंगाची एक जानेवारी होती. रतीरामाचीही एक जानेवारीच. मॅनेजर म्हणाला, तुमच्या गावात वर्षातून एकदाच पोरं होत होती की काय. धनसिंग म्हणाला, शाळेचे मास्तर वर्षातून एकदाच येत होते, साहेब.

रतीराम रायपूरला गवंडीकाम करायचा. गोटा ठेवायचा मान सोयऱ्याचा, त्यात भाचा पहिला; घरचा माणूस तो ठेवू शकत नाही. म्हणून तो एप्रिलच्या अखेरीला रजा टाकून आला आणि तिघांनी अंगणात राख पसरून गाव काढलं. काठीनं रेघ ओढून धनसिंग सांगे: हे तळं, हा कोंडवाडा, ही गाडीवाट, गाडीवाटेला लागून साजा. हिरोंदीबाई मधूनच बोटानं राख पुसून विहीर दोन हात पलीकडे सरकवी आणि पुन्हा आपल्या कामाला जाई. एका गोष्टीत तिघांचंही एकमत होतं. साजा वाटेला इतका चिकटून होता, की तणसानं भरलेली गाडी जाताना फांद्यांना तणस अडकून राही. पोरं ती ओढून काढत. तेव्हा अडचण फक्त एवढीच होती, की पार्कात गाडीतून खाली उतरायला मनाई आहे.

गोटा वरून टाकायचा नाही, हे हिरोंदीबाईनं आधीच सांगितलं होतं. मग रतीरामानं माहुलीच्या वेलाची साल सोलून एक शिंकं विणलं, लांब दोरीचं. पार्काची उघडी जिप्सी साजाखाली हळू करायची, शिंक्यात बसवून मामाला अलगद खाली सोडायचं, दोरीला हिसका देऊन शिंकं मोकळं करायचं. दोन दिवस त्यानं बैलगाडीच्या साटीवर उभं राहून सराव केला. शिंक्यात अंगणातला साधा दगड होता. पहिल्या खेपेला शिंकं कोंबडीच्या अंगावर उतरलं आणि ती ओरडत वळचणीला गेली. फगनी पोट धरून हसली. म्हणाली, "भावजी, मामंजी असे आले तर पितर पळून जातील हो."

"पहिल्यांदाच बसतोय तो गाडीत," रतीराम म्हणाला. "जरा झोके घेऊ दे."

हिरोंदीबाई ओसरीवरून बघत होती. दोघांना हसताना बघून आपल्यालाही हसायला हवं असं तिच्या ध्यानात आलं, पण तोवर ते हसून झाले होते.

जिप्सीचा चालक लोचन धनसिंगाचा मित्र होता, त्याला सगळं सांगून ठेवलं. गाइड कोण मिळणार ते मात्र कुणाच्या हाती नव्हतं. फाटकावर पाळी लागते, ज्याची पाळी तो त्या गाडीत चढतो. धनसिंगाला त्याची काळजी नव्हती. सगळे म्हातारे गाइड त्याच्या हातच्या पुऱ्या खाल्लेले होते. एक वेळ डोळेझाक करतीलच.

त्या सकाळी पाळी लागली ती भुनेश्वरी उइकेची. तेवीस-चोवीस वर्षांची, खाकी गणवेशात, केसांना घट्ट रिबीन, नोकरीला लागून आठ महिने झालेले. तिला धनसिंगाच्या पुऱ्या माहीत नव्हत्या. गाडीत चढल्या चढल्या तिनं हात जोडले आणि पाठ केलेलं सगळं म्हटलं: मोठ्यानं बोलू नये, भडक कपडे घालू नयेत, प्लास्टिक टाकू नये, काहीही झालं तरी गाडीतून उतरू नये. शेवटच्या वाक्याला लोचननं आरशातून धनसिंगाकडे बघितलं. हिरोंदीबाईच्या मांडीवर पदराखाली गोटा होता. त्या सकाळचे तांदूळ आणि पाणी तिनं घरीच त्याच्यापुढं ठेवले होते, बाहेर अजून अंधार असताना.

गाडी आत शिरली. सालाची झाडं, बांबू, पुन्हा साल. एका वळणावर चितळांचा कळप उभा होता, भुनेश्वरीनं गाडी थांबवून त्यांची माहिती सांगितली. तिघंही ऐकून घेत होते. नवरा कितीदा तरी चितळाचं शिंग उचलून आणी आणि खुंटीला लावी, ते हिरोंदीबाईला आठवलं, पण ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं असं आठवलं.

घाट चढून गाडी माळावर आली तेव्हा भुनेश्वरी पुन्हा बोलू लागली. "इथं पूर्वी एक गाव होतं. चाळीस घरं होती. गावकऱ्यांनी वन्यजीवांसाठी स्वखुशीनं गाव सोडलं. आज तुम्हाला इथं जे गवत दिसतं ते..."

"त्रेपन्न," हिरोंदीबाई म्हणाली.

भुनेश्वरी थांबली. "काय आजी?"

"घरं. त्रेपन्न होती."

धनसिंग नखं बघत बसला. भुनेश्वरीनं एकदा तिच्याकडे, एकदा रतीरामाच्या पायाशी गुंडाळलेल्या शिंक्याकडे बघितलं आणि पुढची माहिती सांगितलीच नाही. लोचननं गिअर बदलला.

अडचण आली ती तिथून पुढं. गावातून बाहेर पडलेला माणूस गावात शिरतो तो आपल्याच वाटेनं, कोंडवाड्याकडून, असं तिघांनीही धरलेलं होतं. राखेतलं गाव त्यांनी त्याच बाजूनं काढलं होतं. गाडीवाटेनं जिप्सी जाते की नाही, हे विचारायचं धनसिंगाला सुचलं नाही, कारण गावात जायला दुसरी वाट आहे हेच त्याला कधी माहीत नव्हतं. पार्काचा रस्ता मागून आला होता, टेकडीवरून, जिथून पूर्वी फक्त डुकरं उतरत. गाव पाठमोरं दिसत होतं. म्हणजे गाव नव्हतंच, गवत होतं, आणि ते कुठल्याही गवतासारखं होतं.

"तळं हे इथं," धनसिंग पुटपुटला, "तर मग कोंडवाडा..."

"कपडे धुवायचा दगड बघ," हिरोंदीबाई म्हणाली.

तळ्याच्या काठावर तिरपा काळा दगड होता. त्याला टेकून, पाण्यात मानेपर्यंत बसून, वाघीण होती. डोळे अर्धे मिटलेले. या काठावर सतरा-अठरा जिप्सी एकीला एक लागून उभ्या होत्या आणि सगळे श्वास धरून त्या दगडाकडे बघत होते. या गाडीतले तिघंही दगडाकडेच बघत होते. दगड कळल्यावर बाकीचं कळलं. दगडाच्या मागं बांध, बांधाच्या पलीकडं जिथं वाट होती तिथं आता कमरेएवढ्या झुडपांचा पट्टा, आणि त्याच्या काठाला निष्पर्ण, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, एकटा उभा साजा. रस्त्यापासून शंभर पावलं, एखादं कमी नाही. शिंक्याची दोरी होती बारा हात.

रतीरामानं शिंकं सीटखाली सारलं.

तासाभरानं वाघीण उठली. अंग झटकून, दगडाला वळसा घालून बांबूंच्या दिशेनं चालती झाली, आणि तिच्यामागं सगळ्या गाड्या धूळ उडवत निघाल्या. लोचननं गाडी सुरू केली नाही. धूळ बसली. तळ्यावर या पाच जणांशिवाय कुणी उरलं नाही.

"दोन मिनिटांचं काम आहे," लोचन म्हणाला. "ती तिकडं गेली. मी इंजिन बघतो म्हणून बॉनेट उघडतो."

भुनेश्वरीला एव्हाना कळायचं ते कळलं होतं. तिनं आधी हिरोंदीबाईच्या मांडीकडं आणि मग साजाकडं बघितलं. म्हणाली, "जायचं असेल तर मी हात धरणार नाही. पण समोर टेहळणीचा मनोरा आहे, तिथं माणूस बसतो. गेल्या हंगामात एकाची टोपी उडाली म्हणून तो उतरला होता. त्या गाडीच्या गाइडचं कार्ड काढून घेतलं, अजून दिलं नाही." तिनं छातीवर अडकवलेल्या कार्डाला हात लावला. "वाघिणीची दोन पिल्लं आहेत. ती कुठं आहेत ते मला माहीत नाही."

रतीरामानं कठड्यावरून एक पाय बाहेर टाकला होता. "मामी, दे. जाऊन येतो."

धनसिंगही उभा राहिला होता. तो म्हणाला, चार महिने आपण यासाठीच थांबलो, पुन्हा हे सगळं जमून येणार नाही, मनोऱ्यावरच्या माणसाशी मी बोलेन, त्याचा डबा रिसॉर्टातूनच जातो. बोलताना त्याचा आवाज चढला, आणि हे त्याच्या बापासाठी होतं म्हणून आईला ऐकून घेणं भाग होतं. ती ऐकत साजाकडं बघत होती. बुंध्याशी गोटे असतील. इथून ते दिसत नव्हते, पाचोळा होता. इतक्या वर्षांत कुणी झाडला नव्हता. आता आत काहीतरी हलेल असं तिला वाटलं. तिनं वाटही बघितली. उन्हानं गाडीची लोखंडी पट्टी तापली होती, ती तेवढी हाताला लागत होती. पदराखालचा हात गोट्यावरून निघाला आणि तिनं तो भाच्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"पाय आत घे, रतीराम. बस."

"मामी..."

"बस म्हटलं ना. पोरीचं कार्ड जाईल."

धनसिंगानं तोंड फिरवलं. लोचननं गाडी सुरू केली. तळं मागं पडलं तेव्हा हिरोंदीबाई वळून बघेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती समोर बघत होती.

पार्कात माणसांना खाली उतरायची एकच जागा आहे. तिथं चहाची टपरी, सिमेंटची बाकं आणि शौचालयं आहेत. तळ्यावरच्या सतरा-अठरा गाड्याही तिथं येऊन लागल्या होत्या, वाघीण बघितलेले लोक एकमेकांना फोटो दाखवत होते. धनसिंग आणि रतीराम चहाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. हिरोंदीबाई बाकावर बसली. थोड्या वेळानं भुनेश्वरी शेजारी येऊन बसली, गुडघे जुळवून, शाळेतल्या मुलीसारखी.

तिनं विचारलं, आजी, तुम्ही मरावी ना? हिरोंदीबाईनं मान हलवली. मग मी तुमची सोयरी लागते, ती म्हणाली, मरावी आणि उइकेत पोरी देतात-घेतात. तिची आत्या मरावीतच दिलेली होती. तिचं स्वतःचं गावही असंच उठलेलं, पार्काच्या दुसऱ्या टोकाचं. पण ती तेव्हा पोटात होती, तिला आठवायला काही नव्हतं.

"जुलैत पार्क बंद होतं," ती म्हणाली. "तेव्हा आम्हाला घाणेरी उपटायला आत नेतात, पायी. तळ्याचा माळ आमच्याकडंच असतो. दोन-चार दिवस जेवायची सुट्टी तिथंच होते." तिनं नजर जमिनीकडं वळवली. "मी सोयरी आहे, म्हणजे माझा हात चालेल. तुम्हाला दिसणार नाही, एवढंच."

हिरोंदीबाईनं समोर बघितलं. एक बाई आपल्या नातवाला बिस्कीट भरवत होती. मग तिनं पदराखालून गोटा काढला आणि त्याची धूळ बोटानं पुसली. तो भुनेश्वरीच्या हातात देताना तिनं सांगितलं, की चपटी बाजू खाली ठेवायची. आधी पाचोळा झाडायचा, पाणी शिंपडायचं. दक्षिणेकडून तिसरा आणि चौथा गोटा सासऱ्याचा आणि चुलतसासऱ्याचा, त्यांना लावून. तोवर रोज चिमूटभर तांदूळ, स्वतः खायच्या आधी. जमेल का?

"जमेल. मी तसंही काही खाऊनच येत नाही सकाळी."

"आणि ठेवताना नाव सांगायचं. मोठ्यानं. नाहीतर ते ओळखणार नाहीत कोण आलं ते."

"काय नाव सांगू?"

हिरोंदीबाईनं रांगेकडं बघितलं. धनसिंगाच्या पुढं अजून सहा माणसं होती. हाक मारली तर तो येईल, तो सांगेल. बेचाळीस वर्षांत तिनं ते नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती पोराला पुढं करी, दवाखान्यात भिंतीकडं बघे. त्यांना बोलवायचं असलं तर बांगड्या वाजवी. भुनेश्वरीनं खिशातून पेन काढलं होतं आणि टोपण उघडून ती वाट बघत होती.

"बिसाहू," हिरोंदीबाई म्हणाली.

आवाज बारीक निघाला. भुनेश्वरीनं कान जवळ आणला.

"बिसाहू मरावी. झुरकीटोला."

पोरीनं ते डाव्या तळहातावर लिहिलं, निळ्या शाईत, आणि उजव्या हातात गोटा धरून ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं. हिरोंदीबाईला वाचता येत नव्हतं. पण घामानं अक्षरं पसरतील हे तिला दिसत होतं. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि त्यावर फुंकर घातली, शाई वाळेपर्यंत.

धनसिंग तीन पेले घेऊन आला तोवर पोरगी उठून गाडीकडं गेली होती. आईची मांडी रिकामी बघून तो जागच्या जागी थांबला आणि त्यानं इकडं तिकडं बघितलं.

"कुठं आहे?"

"दिला," ती म्हणाली, आणि चहा घेतला. एक घोट घेऊन तिनं पेला खाली धरला. "साखर फार घातलीय रे यांनी."